एकाच चॅनेलचं रेकॉर्डिंग कधी नीट, कधी नुसती निळी पाटी. जुन्या नोंदी कशा सुधाराव्यात?

रात्रपाळी

नमस्कार मंडळी,

घरी टीव्हीहेडएंडवर (टीव्ही रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर) चालणारा रेकॉर्डर आहे. छोटा कॉम्प्युटर आणि त्याला दोन ट्यूनर, एक छतावरच्या अँटेनाचा आणि एक डिशचा. मी रात्री कामावर असते, त्यामुळे संध्याकाळी लागणारं सगळं सकाळी घरी आल्यावरच बघायला मिळतं. एका चॅनेलवर दोन गोष्टी लागतात: माझी नद्यांवरची मालिका आणि आईची शास्त्रीय संगीताची मैफल. दोन्हींना नियम लावून ठेवलेत, भाग आपोआप टिपले जातात.

सध्या आईची मैफल व्यवस्थित येते. माझ्या मालिकेच्या जागी मात्र तासभर एक निळी पाटी दिसते: ‘ही सेवा नव्या फ्रिक्वेन्सीवर गेली आहे.’ तेही दर वेळी नाही, एखादा भाग मधूनच धड निघतो. चॅनेल तोच, नियमही तसाच. गाईडमध्ये कार्यक्रमाचं नाव, वेळ, भागाचा सारांश सगळं बरोबर. रेकॉर्डरच्या मते रेकॉर्डिंग पूर्ण झालेलं असतं, चूक काहीच दाखवत नाही. आणि सुट्टीच्या दिवशी तोच चॅनेल थेट लावला की छान दिसतो.

यादीतही गोंधळ आहे. काही नावं दोनदा आहेत, काहींवर काळा पडदा, आणि एका नावाखाली चक्क दुसराच चॅनेल लागतो. यादी साफ करायची आहे, पण आईला चॅनेल क्रमांकाने पाठ आहेत आणि ते क्रमांक मी एकेक करून बसवलेत. नियमही बरेच साठलेत. हे दोन्ही न गमावता काय करता येईल?

---

चटकन

सोपं आहे. सगळे चॅनेल उडवा, नव्याने पूर्ण स्कॅन करा, मॅप करा (म्हणजे सापडलेल्या वाहिन्यांचे चॅनेल बनवा). जुनं काही शिल्लकच राहत नाही. क्रमांक पुन्हा द्यायला थोडा वेळ जाईल, पण यादी कोरी करकरीत मिळेल.

---

तबकडी

रात्रपाळीताई, कृपा करून सगळे चॅनेल उडवू नका. टीव्हीहेडएंडमध्ये चॅनेलला आतून स्वतःची एक ओळख असते आणि आपोआप रेकॉर्डिंगचे नियम त्या ओळखीला बांधलेले असतात. चॅनेल पुसला की त्याला बांधलेले नियमही जातात. पुढे त्याच नावाचा, त्याच क्रमांकाचा चॅनेल पुन्हा केलात तरी रेकॉर्डरच्या लेखी तो नवा कोणीतरी असतो. हे लोकांना हप्त्याभराने कळतं, एखादा भाग आलाच नाही की मग शोधाशोध सुरू होते. मला हे बघवत नाही, कारण याची गरजच नसते.

इथे तीन थर आहेत, ते वेगळे डोळ्यांसमोर ठेवा. सगळ्यात खाली मक्स, म्हणजे एक फ्रिक्वेन्सी आणि तिच्यावरून येणारा सगळा गठ्ठा. त्या गठ्ठ्यातली एकेक वाहिनी म्हणजे सर्व्हिस. सर्व्हिस ओळखली जाते ती तीन आकड्यांनी: मूळ नेटवर्कचा क्रमांक, त्या गठ्ठ्याचा क्रमांक आणि सर्व्हिसचा स्वतःचा क्रमांक. नाव ही फक्त वर चिकटवलेली चिठ्ठी, ती प्रक्षेपक कधीही बदलू शकतो. सगळ्यात वर चॅनेल. तो तुमचा, तुम्ही बनवलेला. क्रमांक, गाईड, नियम हे सगळं या वरच्या थराला लागलेलं असतं. प्रक्षेपक जे काही बदलतो ते खालच्या दोन थरांत. म्हणून दुरुस्तीही खालीच करायची आणि वरचा थर जागेवर ठेवायचा.

आता तुमच्या निळ्या पाटीकडे. गाईड बरोबर आणि रेकॉर्डिंग चुकीचं हे एकत्र कसं होतं, याचं उत्तर इथेच आहे. गाईड चॅनेलचं, चित्र सर्व्हिसचं. एका चॅनेलखाली एकापेक्षा जास्त सर्व्हिस असू शकतात. तुम्ही सुरुवातीला मॅप करताना ‘मर्ज सेम नेम’वर टिक ठेवली असेल, तर अँटेनावरची आणि डिशवरची त्याच नावाची सर्व्हिस एकाच चॅनेलखाली गेली असणार. ही सोय चांगली आहे, एक ट्यूनर अडकला की रेकॉर्डर दुसऱ्या वाटेने जातो. पण दुसऱ्या वाटेवर आता पाटी उभी असेल तर?

तीन गोष्टी बघून इथे लिहाल का? चॅनेलच्या यादीत त्या चॅनेलच्या ‘सर्व्हिसेस’ रकान्यात काय काय आहे. नीट आलेल्या आणि पाटीच्या रेकॉर्डिंगच्या फाइल किती मोठ्या आहेत. आणि तुमच्या मालिकेच्या वेळी रेकॉर्डर आणखी काही टिपत असतो का.

---

रात्रपाळी

तबकडी, मनापासून आभार. तुम्ही म्हणालात तसंच निघालं.

त्या चॅनेलखाली दोन सर्व्हिस आहेत, एक अँटेनाच्या नेटवर्कवरची आणि एक डिशच्या. मैफलीची तासाभराची फाइल साधारण १.३ जीबी आहे. पाटीची, तीही तासाभराचीच, ११० एमबीच्या आसपास. आणि हो, मालिकेच्या वेळी बाबांची बातम्यांवरची चर्चा दुसऱ्या चॅनेलवर रेकॉर्ड होते. चर्चा सगळ्या वारी नसते. ज्या दिवशी ती नव्हती त्या दिवसाचे भाग उघडून बघितले, ते सगळे चांगले आहेत!

डिशची ती सर्व्हिस यादीत पाहिली. ‘लास्ट सीन’मध्ये आजचीच तारीख आहे. मग ती जुनी कशी म्हणायची?

---

तबकडी

म्हणजे गाठ सुटली. बाबांची चर्चा अँटेनाच्या वेगळ्या मक्सवर असणार. एक ट्यूनर एका वेळी एकाच मक्सवर बसतो. त्या मक्समधल्या दोन वाहिन्या एकदम टिपेल, पण दुसऱ्या मक्सवरची नाही. चर्चा चालू असली की अँटेनाचा ट्यूनर अडकलेला, म्हणून तुमची मालिका डिशकडून घ्यायला रेकॉर्डर जातो आणि तिथे त्याला पाटी मिळते. पाटी म्हणजे रीतसर चालू असलेलं प्रक्षेपण आहे. सिग्नल आहे, चित्र आहे, कदाचित आवाजही आहे. रेकॉर्डरला यात चूक दिसायचं काही कारणच नाही. डिशला सिग्नल नसता तर ‘नो इनपुट डिटेक्टेड’ असं काहीतरी म्हणून त्याने रेकॉर्डिंग लाल केलं असतं आणि तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं असतं.

फाइलच्या आकाराचं म्हणाल तर टीव्हीहेडएंड नेहमीच्या मांडणीत प्रवाह आहे तसा लिहून घेतो. ३ मेगाबिट प्रति सेकंद असलेल्या वाहिनीचे तासाला १३५० एमबी होतात, तुमच्या मैफलीच्या फाइलशी हे जुळतं. हलत नसलेल्या चित्राला फार बिट लागतच नाहीत, म्हणून ११० एमबी, म्हणजे पाव मेगाबिटच्या घरात. सकाळी रेकॉर्डिंगच्या यादीत आकाराचा रकाना चालू ठेवा. पाटी कुठे शिरली ते फाइल न उघडता दिसेल.

‘लास्ट सीन’चा तुमचा प्रश्न फार मोलाचा आहे, कारण साफसफाईच्या बाबतीत नेमकी तिथेच लोकांची फसगत होते. प्रत्येक मक्सवर एसडीटी नावाचं एक कोष्टक सतत फिरत असतं, या गठ्ठ्यात कोणकोणत्या सर्व्हिस आहेत ते सांगणारं. ते पीआयडी १७ वर येतं (पीआयडी म्हणजे गठ्ठ्यातल्या एकेका प्रवाहाचा क्रमांक) आणि स्वतःच्या गठ्ठ्याचं दर दोन सेकंदांच्या आत पुन्हा पाठवायचा डीव्हीबीचा, म्हणजे डिजिटल टीव्हीच्या मानकाचा, नियम आहे. प्रक्षेपक पाटी लावून ठेवतो तेव्हा ती सर्व्हिस या कोष्टकात असते, म्हणून तारीख आजची. पाटीची नोंद पुसली तरी पुढच्या स्कॅनला ती परत उगवेल. म्हणून ती पुसायची नाही, बंद करायची: सर्व्हिसच्या यादीत तिच्या ‘एनेबल्ड’वरची टिक काढा आणि सेव्ह करा.

हे आज केलंत तर उद्यापासून पाटी येणार नाही. पण चर्चेच्या दिवशी मालिकाही येणार नाही, कारण दुसरी वाटच राहिली नाही. म्हणून डिशवरची नवी सर्व्हिस शोधून त्याच चॅनेलखाली जोडायला हवी. तिचा पत्ता त्या पाटीवरच असतो. पाटीचं एखादं रेकॉर्डिंग थांबवून नीट बघा, खाली बारीक अक्षरांत फ्रिक्वेन्सी, पोलरायझेशन, सिम्बॉल रेट आणि बहुतेक डीव्हीबी-एस की एस-२ (डिशच्या प्रक्षेपणाची जुनी की नवी पद्धत) हेही लिहिलेलं असेल.

तो पत्ता घेऊन डिशच्या नेटवर्कखाली नवा मक्स टाका. इथे एककांकडे लक्ष द्या. पाटीवर फ्रिक्वेन्सी मेगाहर्ट्झमध्ये असते, टीव्हीहेडएंडला डिशसाठी ती किलोहर्ट्झमध्ये लागते, म्हणजे पुढे तीन शून्यं. सिम्बॉल रेट पाटीवर २७५०० असेल तर इथे २७५००००० लिहायचा. आणि डिलिव्हरी सिस्टिम एस-२ असेल तर एस-२च निवडा, ती चुकली तर बाकी सगळं बरोबर असूनही स्कॅनचा निकाल ‘फेल’ येतो. ‘ओके’ आला की सर्व्हिसच्या यादीत नवं नाव दिसेल. मग चॅनेल उघडा, त्याच्या सर्व्हिसच्या यादीत नवीवर टिक करा, जुनीवरची काढा, सेव्ह. क्रमांक, गाईड, नियम, कशालाच धक्का लागत नाही.

सगळ्याच्या आधी टीव्हीहेडएंडचं कॉन्फिगरेशनचं फोल्डर दुसरीकडे कॉपी करून ठेवा. एवढं मात्र नक्की करा.

---

कमांडलाइन

तबकडींना +१. व्हीडीआर (असंच दुसरं रेकॉर्डर सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांसाठी थोडं.

व्हीडीआरमध्ये डीव्हीबीच्या सेटिंगमध्ये चॅनेल अपडेटचे पर्याय आहेत: काहीच नको, फक्त नावं, फक्त पीआयडी, दोन्ही, नवे चॅनेल जोडा, नवे ट्रान्सपाँडर (म्हणजे मक्स) ही जोडा. मी ‘नावं आणि पीआयडी’वर ठेवतो. शेवटचा पर्याय लावला की यादी शेपटासारखी वाढत जाते आणि त्यातलं निम्मं कधीच लागत नाही. प्रक्षेपणातून गेलेल्या चॅनेलवर अलीकडच्या आवृत्त्या ‘ऑब्सोलीट’ अशी खूण करतात, त्यामुळे कचरा कुठला ते चॅनेलच्या फाइलमध्ये शोधता येतं.

एक खबरदारी: ती फाइल हाताने बदलायची असेल तर आधी व्हीडीआर बंद करा. चालू असताना केलेले बदल तो स्वतःची प्रत लिहून पुसून टाकतो. आणि इथे टायमर त्या तीन आकड्यांच्याच ओळखीवर चॅनेल शोधतात. मक्स बदलला की मधला आकडा बदलतो, त्यामुळे टायमरही तपासावे लागतात. तबकडींनी सांगितलेला वरचा वेगळा थर व्हीडीआरमध्ये नाही.

---

चटकन

तबकडी, नियम जातात हे माहीत नव्हतं. मी नियम वापरत नाही, रोज हाताने लावतो, म्हणून मला कधी अडलं नसेल. पण मग मेलेल्या नोंदींचं काय? त्या तर उडवायच्याच ना? ‘मेंटेनन्स’च्या बटणात न दिसलेल्या सर्व्हिस काढायची सोय आहे, ती दाबली की झालं.

---

तबकडी

उडवायच्या, पण ते बटण दाबण्याआधी काय तपासायचं ते सांगतो.

‘लास्ट सीन’ची तारीख तेव्हाच पुढे सरकते जेव्हा ट्यूनर त्या मक्सवर जातो. ज्यांनी नेटवर्कमध्ये ‘स्किप स्टार्टअप स्कॅन’ लावलंय आणि रिकाम्या वेळेतलं स्कॅन बंद ठेवलंय, त्यांच्याकडे क्वचित लागणाऱ्या मक्सवरच्या जिवंत वाहिन्यांनाही जुन्याच तारखा असतात. डिश वाऱ्याने जराशी हलली असेल, एलएनबी (डिशच्या तोंडाशी बसवलेला सिग्नल घेणारा भाग) बिघडला असेल, तरी तेच. अशा वेळी ‘न दिसलेल्या सगळ्या काढा’ दाबलंत की धडधाकट सर्व्हिस जातात. मागे चॅनेल उरतात, पण खाली काहीच नसलेले.

म्हणून आधी नेटवर्क निवडून ‘फोर्स स्कॅन’ करा आणि मक्सच्या यादीत एकेकाचा निकाल बघा. जो मक्स एरवी चालतो आणि आज ‘फेल’ झाला, त्याच्या सर्व्हिसना हात लावू नका, आधी अँटेना किंवा डिश बघा. सगळे चालते मक्स ‘ओके’ आले की मगच मेंटेनन्स. तिथे दोन पर्याय आहेत. एक फक्त त्याच सर्व्हिस काढतो ज्या मक्सच्या पीएटी (हेही सर्व्हिसची यादी देणारं कोष्टक) आणि एसडीटी कोष्टकांतून गायब असल्याची नोंद झालीये आणि ज्या ७ दिवसांत दिसलेल्या नाहीत. दुसरा कारण न बघता ७ दिवसांत न दिसलेलं सगळं काढतो. नेहमी पहिला वापरा. दुसऱ्याची मला तरी कधी गरज वाटलेली नाही.

त्यानंतर चॅनेलच्या यादीत सर्व्हिसचा रकाना रिकामा असलेले शोधा. त्यातला प्रत्येक पुसायच्या आधी एकदा विचारा: हा खरंच बंद झाला, की कुठे दुसरीकडे गेला? दुसरीकडे गेला असेल तर नवी सर्व्हिस जोडा आणि चॅनेल तोच ठेवा.

रात्रपाळीताई, तुम्ही लिहिलंत की एका नावाखाली दुसराच चॅनेल लागतो. ती नोंद मला पाटीपेक्षा जास्त खटकते. तिथे तीन आकडे तेच राहिलेत आणि प्रक्षेपकाने ती जागा दुसऱ्या वाहिनीला दिलीये. नाव तुम्ही हाताने लिहिलेलं असेल तर ते जुनंच दिसत राहतं. फाइलचा आकार योग्य, तारीख योग्य, चित्रही हलतंय, त्यामुळे कुठल्याच यादीत ती सापडणार नाही. सर्व्हिसच्या यादीतलं नाव आणि तुमच्या चॅनेलचं नाव शेजारी ठेवून वाचत जा. एवढा एकच उपाय आहे, वेळ लागतो पण खात्रीचा आहे.

---

घरचाबॉक्स

आमच्याकडे साधा दुकानातला रेकॉर्डर आहे, मेन्यूत फक्त ‘ऑटो ट्यून’ आणि ‘चॅनेल जोडा’ असे दोन पर्याय. यात हे थर वगैरे काही दिसत नाहीत. आम्ही काय करायचं?

---

तबकडी

‘चॅनेल जोडा’ जुनं तसंच ठेवून नवं शेवटी लावतो, त्यामुळे दुहेरी नावं होतात. ‘ऑटो ट्यून’ बहुतेक बॉक्समध्ये यादी पुसून पहिल्यापासून बांधतो आणि बऱ्याच बॉक्समध्ये लावलेले टायमर आणि आवडत्यांची यादी त्यातच जाते. म्हणून आधी टायमरच्या पानाचा फोटो काढून ठेवा, मग ऑटो ट्यून. झाल्यावर टायमर पुन्हा लावताना गाईडमधूनच लावा, जुन्या फोटोतल्या चॅनेल क्रमांकावर विसंबू नका, कारण क्रमांक बदललेले असू शकतात.

आणखी एक. पुष्कळ बॉक्स स्टँडबायमध्ये असताना स्वतःहून यादी ताजी करतात. रात्री भिंतीवरचं बटण बंद करायची सवय असेल तर त्यांना ती संधी मिळत नाही.

---

रात्रपाळी

झालं! पाटीवरचे आकडे इतके बारीक होते की चित्र मोठं करून वाचावे लागले. पोलरायझेशन आडवं, एस-२. पहिल्यांदा स्कॅन ‘फेल’ आलं तेव्हा तुमचं शून्यांचं वाक्य पुन्हा वाचलं, सिम्बॉल रेटला तीन शून्यं कमी होती. नंतर लगेच ‘ओके’, आणि नवी सर्व्हिस दिसली. ती एचडी निघाली. चॅनेलखाली जोडली, पाटीची टिक काढली. काल चर्चा आणि मालिका एकाच वेळी होत्या. मालिकेची फाइल ३ जीबीच्या वर आहे आणि सुरुवातीची काही मिनिटं बघितली, नदी वाहतेय!

एक शंका. आता अँटेनाची साधी आणि डिशची एचडी अशा दोन आहेत. दोन्ही मोकळ्या असताना एचडी घेतली जावी असं सांगता येतं का? आणि आईची मैफल मात्र साधीच राहू दे, डिस्कवर जागा कमी आहे.

---

तबकडी

पहिलं होतं. सर्व्हिसच्या यादीत एचडीच्या ओळीत ‘प्रायॉरिटी’चा आकडा साध्या सर्व्हिसपेक्षा मोठा द्या. दिसत नसेल तर वरचा ‘व्ह्यू लेव्हल’ एक्स्पर्टवर न्या.

दुसऱ्यासाठी फक्त अँटेनाची सर्व्हिस असलेला वेगळा चॅनेल करा, यादीच्या शेवटचा एखादा क्रमांक द्या आणि मैफलीचा नियम त्याच्याकडे वळवा. नियम उघडून चॅनेल बदलता येतो, नवा करावा लागत नाही. आईंच्या सवयीच्या क्रमांकावर जुनाच चॅनेल राहील. फक्त नव्या चॅनेलला गाईड मिळतंय ना ते दुसऱ्या दिवशी बघा. गाईड आलं नाही तर नियमाला पकडायला कार्यक्रमच सापडणार नाही.